दक्षिण बेटावर कॅम्परव्हॅनने: पहिल्यांदा निघणाऱ्या दोघांसाठी

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर आम्ही नवरा-बायको पंधरा दिवस कॅम्परव्हॅनमधून फिरलो. जाण्याआधी सहा महिने तळी, डोंगर, हिमनद्या यांचा कसून अभ्यास केला होता. गाडीतल्या टॉयलेटचा मात्र अजिबात नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी टॉयलेटची टाकी भरल्याचा लाल दिवा लागला. बाहेर आओराकी-माउंट कुकवर पहिलं ऊन पडलेलं, आणि आत आम्ही दोघं त्या दिव्याकडे आणि मग एकमेकांकडे बघत उभे.

कॅम्परव्हॅन घेतली की सहलीबरोबर एक छोटा संसारही सांभाळायचा असतो. पाणी भरा, सांडपाणी सोडा, गॅस बंद करा, भांडी घासा, रात्री कुठे थांबायचं ते ठरवा. यात रोजचा तास-दीड तास जातो. हा वेळ वेळापत्रकात धरलेला नसला की भांडणं होतात. आमची पहिले चार दिवस झाली, मग आम्ही शहाणे झालो. तुमचे ते चार दिवस वाचावेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. आधी दिवस मोजा, मग किलोमीटर

बेट नकाशावर लहान दिसतं, म्हणून सगळे फसतात. क्राइस्टचर्च ते टेकापो साधारण २३० किमी आहे. नकाशाचं अ‍ॅप तीन तास सांगतं, व्हॅनला चार लागतात. वळणं, एकपदरी पूल, मध्येच रस्त्यावर आलेल्या मेंढ्या, आणि दर वीस मिनिटांनी ‘थांब, थांब, इथे थांब’. अ‍ॅप सांगेल त्या वेळेत पाव भाग वाढवून धरा आणि दिवसाला २०० किमीच्या पुढे शक्यतो जाऊ नका.

आमचा मार्ग असा होता: क्राइस्टचर्चहून टेकापो, तिथून माउंट कुक, लिंडिस पास ओलांडून वानाका, क्वीन्सटाउन, ते आनाऊ, मिलफर्ड साउंड (डोंगरांत घुसलेली समुद्राची खाडी). परतताना वानाकावरून हास्ट पास, फ्रान्झ जोसेफ, होकिटिका आणि आर्थर्स पासवरून पुन्हा क्राइस्टचर्च. चौदा दिवसांत हे बसतं, पण जेमतेम. दहाच दिवस असतील तर पश्चिम किनारा सोडून द्या. मिलफर्ड सोडू नका.

हंगाम म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीत तिथे उन्हाळा आणि शाळांच्या सुट्ट्या एकदमच येतात, त्यामुळे भाडं चढतं आणि जागा मिळत नाही. आम्ही मार्च निवडला. गर्दी ओसरलेली असते आणि अंधार पडायला साडेसात-आठ वाजतात. टेकापोची रात्र ठरवताना पंचांगात अमावास्या बघा. हा सगळा भाग २०१२पासून आंतरराष्ट्रीय डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेला प्रदेश, आहे. पौर्णिमेला तिथे पोचलात तर चंद्र छान दिसेल, आकाशगंगा नाही.

२. कागदपत्रं

भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिजिटर व्हिसा लागतो. काही देशांना मिळणारी झटपट ऑनलाइन परवानगी आपल्याला लागू नाही, आणि त्या नावाने फी उकळणाऱ्या साइट्स भरपूर आहेत. अर्ज सरकारी इमिग्रेशनच्या संकेतस्थळावरूनच करा. सोबत ठेवायचं ते असं:

- दोघांचे पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत.
- परतीचं तिकीट.
- खर्चाची सोय दाखवणारी बँक स्टेटमेंट्स. माणशी, महिन्याला १,००० न्यूझीलंड डॉलर दाखवावे लागतात. राहण्याचे पैसे आधीच भरलेले असतील तर ४००. व्हॅनचं बुकिंग आणि कॅम्पसाइटच्या पावत्या अर्जासोबत जोडा.
- मूळ ड्रायव्हिंग लायसन्स. त्यावरचा मजकूर इंग्रजीत नसेल तर मान्यताप्राप्त भाषांतर किंवा आरटीओकडून मिळणारं आंतरराष्ट्रीय परमिट लागतं. आमचं इंग्रजीत होतं, तरी परमिट काढून नेलं. भाड्याच्या काउंटरवर हुज्जत घालण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. परमिट असलं तरी मूळ लायसन्स जवळ लागतंच.
- चालवणाऱ्याच्या नावाचं क्रेडिट कार्ड. याबद्दल पुढे.
- प्रवास विमा.
- न्यूझीलंड ट्रॅव्हलर डिक्लरेशन. प्रवास सुरू होण्याच्या आदल्या दिवशी ऑनलाइन भरायचं, फुकट असतं. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा.

व्हिसाच्या फीसोबत माणशी १०० डॉलरची पर्यटन आणि निसर्गसंवर्धन लेव्ही द्यावी लागते, ती बजेटमध्ये धरा. विमान ऑस्ट्रेलियामार्गे असेल तर भारतीय पासपोर्टला तिथला ट्रान्झिट व्हिसाही लागतो. स्वस्त तिकीट दिसलं की हे विसरायला होतं. आम्ही सिंगापूरमार्गे थेट क्राइस्टचर्चला उतरलो.

लायसन्स दोघांकडे असेल तर दोघांचीही नावं ड्रायव्हर म्हणून घाला. एकाने चालवायचं आणि दुसऱ्याने पंधरा दिवस ‘हळू, हळू’ म्हणत बसायचं, हे कोणत्याही नात्याला झेपत नाही.

३. व्हॅन निवडताना

एकूण वजन ६,००० किलोपर्यंत असेल तर कारचं साधं लायसन्स चालतं, म्हणजे दोन माणसांच्या कुठल्याही व्हॅनला चालेल. पण ‘दोघांसाठी’ या शब्दावर जाऊ नका. व्हॅनचे दोन प्रकार असतात. एकीत वाकून वावरावं लागतं, दुसरीत सरळ उभं राहता येतं. पावसाचा एक अख्खा दिवस आत काढायची वेळ आली की हा फरक कळतो. उभं राहता येणारी घ्या.

टॉयलेट गाडीत कायमचं बसवलेलं हवं. २०२३च्या कायद्यानुसार तशा गाडीलाच ‘सेल्फ-कंटेन्ड’ (पाणी आणि सांडपाणी स्वतःतच सांभाळणारी) म्हणतात आणि तिला हिरवं वॉरंट, म्हणजे तसं प्रमाणपत्र, मिळतं. बाकाखालून ओढून काढायचं सुटं टॉयलेट आता चालत नाही. जुनं निळं स्टिकर दाखवून कोणी ‘सगळं चालतं हो’ म्हणालं तर विश्वास ठेवू नका. बुकिंग करतानाच हिरव्या वॉरंटबद्दल लेखी विचारा.

पैशांचे तीन सापळे आहेत.

पहिला डिझेलचा. पंपावर डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त दिसतं आणि आपण खूश होतो. कारण असं की पेट्रोलवरचा रस्ताकर पंपावरच कापला जातो, डिझेल गाड्यांना तो किलोमीटरप्रमाणे वेगळा भरावा लागतो. भाड्याची कंपनी तो शेवटी तुमच्याकडून वसूल करते. दर किलोमीटरला किती, ते आधीच विचारून ठेवा.

दुसरा डिपॉझिटचा. मूळ विम्यात अपघात झाला तर पहिले काही हजार डॉलर तुमच्या खिशातून जातात. तेवढी रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. फॉरेक्स कार्ड आणि डेबिट कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही. कार्डाची मर्यादा निघण्याआधी वाढवून घ्या. रोजचे जास्तीचे पैसे भरून ही जबाबदारी शून्यावर आणता येते. आम्ही ते भरले आणि रात्री शांत झोपलो.

तिसरा बारीक अक्षरांचा. ‘शून्य जबाबदारी’ घेतली तरी गाडीचं छत, गाडीचा खालचा भाग आणि चुकीचं इंधन भरल्याने झालेलं नुकसान बऱ्याचदा विम्याबाहेर असतं. क्वीन्सटाउनजवळच्या स्किपर्स रोडसारख्या रस्त्यांवर भाड्याची गाडी नेलीत तर विमाच लागू होत नाही. छतासाठी एक उपाय: गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा.

४. विमानतळावर, खाण्याच्या पिशवीसकट

जैवसुरक्षेची तपासणी फार कडक असते. न सांगता आणलेला खाण्याचा पदार्थ सापडला की जागेवर ४०० डॉलर दंड. विमानात मिळालेलं सफरचंद पर्समध्ये राहून गेलं, ही सबबही चालत नाही. मध नेऊच नका. घरचं तूप, पेढे, बिया, ताजी फळं-भाजी यांच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. हळद, तिखट, गोडा मसाला कंपनीच्या सीलबंद पाकिटांत नेला, फॉर्मवर ‘खाद्यपदार्थ आहेत’ असं सांगितलं, अधिकाऱ्याने बघून परत दिला. शंका आली की जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, दंड होत नाही.

ट्रेकिंगचे बूट घरून घासून न्या. आमच्या बुटांना माती होती. ती त्यांनी आत नेऊन धुऊन दिली, आणि त्यात आमचा अर्धा तास गेला.

५. गाडी ताब्यात घेताना

उतरलात त्या दिवशी गाडी घेऊ नका. इतक्या तासांच्या प्रवासानंतर अनोळखी गाडी चालवणं धोक्याचं आहे. एक रात्र हॉटेलात झोपा.

काउंटरवर एक व्हिडिओ दाखवतात आणि किल्ली देतात. तिथून निघायची घाई करू नका. आम्ही केली, आणि हीटर कसा लावायचा हे टेकापोच्या थंडीत रात्री अकरा वाजता मोबाइलच्या उजेडात वाचत बसलो. प्रत्येक गोष्ट स्वतःच्या हाताने एकदा करून बघा: शेगडी पेटवणं, गॅसचा मुख्य कॉक, पाण्याचा पंप, हीटर, टॉयलेटची कॅसेट (खालची सुटी टाकी) काढून परत बसवणं, सांडपाण्याचा नळ, विजेची केबल. बिछाना घालून बघा. पूर्ण गाडीचा आतून-बाहेरून व्हिडिओ घ्या, छत आणि काचांसह. डिझेल की पेट्रोल, हे झाकणावर वाचा.

मग थेट सुपरमार्केट. पाक’न’सेव्ह सहसा स्वस्त पडतं. पुढच्या छोट्या गावांत दुकानं लहान आणि महाग होत जातात, तेव्हा तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे, दूध इथेच घ्या.

६. रस्त्यावर

गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे निम्मी भीती तिथेच जाते. मोकळ्या रस्त्यावर मर्यादा ताशी १०० किमी, गावात बहुधा ५०. वळणावर पिवळ्या पाटीवर जो वेग लिहिलेला असतो तो मनावर घ्या. व्हॅन उंच असते, वाऱ्यात डोलते.

एकपदरी पुलांची सवय व्हायला दोन दिवस लागतात. लाल कडेची गोल पाटी असेल आणि त्यात तुमच्या दिशेचा बाण लहान व लाल असेल, तर समोरच्याला आधी जाऊ द्या. निळ्या चौकोनी पाटीवर तुमचा बाण मोठा व पांढरा असेल तर पहिला मान तुमचा. तरीही समोर नजर टाकूनच पुलावर चढा. राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची.

मागे तीन-चार गाड्या साचल्या की डावीकडे जागा बघून थांबा आणि त्यांना जाऊ द्या. तिथे हॉर्न कोणी वाजवत नाही, पण मागच्याचा वैताग आरशात दिसतो.

७. रात्री कुठे

रोज दुपारी चारला आमचा एकच नियम: असाल तिथे रात्रीची जागा नक्की करा. कॅम्परमेट या अ‍ॅपवर कॅम्पसाइट, पाण्याचे नळ, डंप स्टेशन (सांडपाणी ओतायची जागा) सगळं दिसतं. मुक्कामाचे तीन प्रकार आहेत.

हॉलिडे पार्क: वीज, गरम पाणी, स्वयंपाकघर, वॉशिंग मशीन. सर्वांत महाग. दर तिसऱ्या रात्री तरी इथे थांबा.

डॉकच्या कॅम्पसाइट: डॉक म्हणजे डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्वेशन, तिथलं निसर्गसंवर्धन खातं. यांच्या जागा जंगलात, तळ्याकाठी असतात. सोयी कमी, दर कमी, आणि सहलीतल्या सर्वांत चांगल्या रात्री आमच्या इथेच गेल्या. माउंट कुकच्या पायथ्याची व्हाइट हॉर्स हिल चुकवू नका. हूकर व्हॅलीची वाट तिथूनच सुरू होते, जाऊन-येऊन १० किमी. २०२५ मध्ये दुसऱ्या झुलत्या पुलाच्या कामामुळे ती मध्येच बंद केली होती, म्हणून निघण्याआधी डॉकच्या संकेतस्थळावर बघा.

फ्रीडम कॅम्पिंग: म्हणजे फुकट. याच्याबद्दल गैरसमजच जास्त आहेत. ‘कुठेही थांबा’ असा त्याचा अर्थ नाही. प्रत्येक जिल्ह्याचे नियम वेगळे, बऱ्याच ठिकाणी फक्त हिरव्या वॉरंटवाल्या गाड्यांना परवानगी, आणि पहाटे अधिकारी टॉर्च घेऊन येतात. दंड ४०० डॉलरच्या घरात जातो. तेवढ्यात हॉलिडे पार्कच्या कितीतरी रात्री निघतात. आम्ही पंधरापैकी दोनच रात्री फुकट झोपलो, त्याही पाटी दोनदा वाचून.

८. पाणी, वीज, गॅस आणि तो लाल दिवा

वीज दोन ठिकाणांहून येते. गाडीची घरगुती बॅटरी दिवे, पाण्याचा पंप आणि फ्रिज चालवते. गाडी चालली की ती चार्ज होते. भिंतीतले सॉकेट आणि मायक्रोवेव्ह मात्र पॉवर साइटवर (विजेची जोडणी असलेल्या जागेवर) केबल जोडल्यावरच चालतात. केस वाळवायचा ड्रायर डॉकच्या कॅम्पसाइटवर नुसताच सामानात राहतो. फोन चालताना चार्ज करा.

पाण्याच्या तीन टाक्या लक्षात ठेवा: स्वच्छ पाणी, सिंकचं सांडपाणी, टॉयलेटची कॅसेट. डंप स्टेशन दिसलं की टाकी अर्धी असली तरी थांबा. हाच तो धडा जो आम्ही माउंट कुकला शिकलो.

कॅसेट रिकामी करण्याची पद्धत: हातमोजे घाला, कॅसेट बाहेरच्या दारातून ओढा, चाकांवर ढकलत न्या, तोंड फिरवून ओता, हवेचं बटण दाबून धरा म्हणजे उडत नाही. तिथल्याच पाण्याने खंगाळा, रसायनाची पुडी आणि थोडं पाणी घालून परत बसवा. कॅसेट धुवायचा नळ आणि पिण्याच्या पाण्याचा नळ वेगवेगळे असतात, पाट्या वाचा. हे काम कोण करणार ते पहिल्याच दिवशी ठरवा. आमच्याकडे ज्याने स्वयंपाक केला त्याला सुटी. स्वयंपाकाची एवढी चढाओढ घरी कधी नव्हती.

स्वयंपाक करताना छताची झडप किंवा खिडकी उघडी ठेवा. एक तर गॅस, दुसरं म्हणजे बंद गाडीत फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजतो आणि सकाळपर्यंत उशीला मोहरीचा वास येतो. आम्ही तडक्याचं सगळं हॉलिडे पार्कच्या स्वयंपाकघरात केलं, व्हॅनमध्ये फक्त खिचडी, पोहे, चहा.

निघताना एकाने वाचायचं, दुसऱ्याने हात लावून बघायचं: गॅस बंद, पंप बंद, छताची झडप बंद, फ्रिजला कडी, कपाटांना कड्या, पायरी आत, केबल काढली. फ्रिजची कडी आम्ही एकदाच विसरलो. राउंडअबाउटवर वळताना मागे धाडकन आवाज झाला, आणि किलोभर दही गालिच्यावर.

९. मिलफर्डचा रस्ता

ते आनाऊपासून मिलफर्ड साउंड सुमारे १२० किमी. फक्त या रस्त्यासाठी एक आख्खा दिवस ठेवा. ते आनाऊमध्ये टाकी पूर्ण भरा, जेवण बरोबर घ्या, नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. गाव सोडलं की थोड्याच वेळात मोबाइलची रेंज जाते.

बहुतेक लोक पहाटे क्वीन्सटाउनहून बसने येतात, बोटीत बसतात आणि रात्री परततात. तुमच्याकडे व्हॅन आहे, तिचा फायदा घ्या. आदल्या रात्री कॅस्केड क्रीकला राहा. मिलफर्डच्या वाटेवरची ती शेवटची डॉकची कॅम्पसाइट आहे. सकाळी बसेस यायच्या आत तुम्ही पुढे असता. वाटेत रस्त्याकडेला कुठेही झोपायला परवानगी नाही.

होमर बोगदा १.२ किमी लांब, उताराचा आणि अरुंद आहे. १९३५ मध्ये मंदीच्या काळात बेरोजगार मजुरांनी कुदळ-फावड्याने काम सुरू केलं, वाहतूक १९५४ मध्ये सुरू झाली. गर्दीच्या दिवसांत सिग्नलवर आळीपाळीने सोडतात. थांबलात की केआ पोपट येतील. हिरवे, गुबगुबीत, निर्लज्ज. वायपरचं आणि खिडक्यांचं रबर उपटणं हा त्यांचा छंद आहे. खायला काहीही घालू नका, त्यांच्या जिवावर बेतू शकतं. आमच्या छतावर एक दहा मिनिटं चालत होता आणि आम्ही आत बसून छताचा विमा आठवत होतो.

मे ते नोव्हेंबर या रस्त्यावर बर्फ आणि हिमस्खलनाचा धोका असतो, चाकांच्या साखळ्या बाळगाव्या लागतात. व्हॅनची पहिलीच सहल असेल तर त्या महिन्यांत बसने जा.

पाऊस पडला तर हिरमुसू नका. मिलफर्डला वर्षाला साडेसहा मीटरच्या वर पाऊस पडतो. पावसात प्रत्येक कड्यावरून धबधबे सुटतात. आम्हाला ऊन आणि पाऊस दोन्ही मिळालं, आणि बोटीत पावसाचाच दिवस जास्त आवडला.

१०. पश्चिम किनारा

वानाकाला टाकी भरा, हास्टला परत भरा. गावं विरळ, पंप महाग. फ्रान्झ जोसेफ हिमनदी खूप मागे सरकली आहे, वाटेवरून ती दुरूनच दिसते. जुने फोटो बघून गेलात तर निराश व्हाल.

इथे आणि मिलफर्डला सँडफ्लाय नावाची बारीक काळी माशी असते. चावते तेव्हा फारसं कळत नाही, रात्री खाज सुटते आणि आठवडाभर राहते. चालत्या माणसाला कमी चावते, उभ्याला सोडत नाही. फवारा स्थानिक दुकानातूनच घ्या, पाय झाका, आणि व्हॅनचं दार उघडं टाकून गप्पा मारत उभे राहू नका.

आपत्कालीन नंबर १११. लांबच्या पायवाटेवर जाणार असाल तर कधी परतणार ते कुणाला तरी सांगून जा.

११. परत करताना

शेवटची रात्र क्राइस्टचर्चच्या हॉलिडे पार्कमध्ये काढा. कॅसेट आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करा, इंधन भरून पावती ठेवा, किलोमीटरच्या आकड्याचा फोटो घ्या, म्हणजे डिझेलचा कर बरोबर लागतोय का ते तपासता येईल. कॅसेट भरलेली परत दिली तर वेगळा आकार लावतात. परत देतानाही गाडीचा व्हिडिओ घ्या.

उरलेला तांदूळ, तेल, मीठ टाकू नका. पार्कच्या स्वयंपाकघरात बहुधा एक ‘फुकट घ्या’ फळी असते. आम्ही तिथे अर्धी डाळ आणि गोडा मसाला ठेवला. मसाल्यावर नवऱ्याने इंग्रजीत ‘जपून’ असं लिहिलं.